धर्म, जात, मातृभाषा: कोणत्या रकान्यात काय लिहायचं आणि ते कोणी ठरवायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद होणार आहे. त्यामुळे समाजाच्या ग्रुपांवर "आपण सगळ्यांनी हेच लिहायचं" असे मेसेज फिरू लागले आहेत. एकाच घरात वडिलांच्या भावकीकडून एक मेसेज येतो आणि आजोळकडून त्याच्या नेमका उलटा. खालचे प्रश्न अशाच घरांतून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जनगणनेत जे सांगू ते जातीच्या दाखल्यावर येतं का? उद्या कोणी ते पुरावा म्हणून पुढे करेल का?

नाही. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे ही नोंद कोणाला पाहता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. तहसीलदार किंवा जातपडताळणी समितीकडे तुमचा जनगणनेचा अर्ज जात नाही.

दाखला जुन्या कागदांवर मिळतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे पाहिले जातात: शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद.

म्हणून "अमुक लिहिलं तर मुलाची सवलत जाईल" ही भीती जनगणनेपुरती खोटी आहे. खरा परिणाम होतो तो एकूण आकड्यावर. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत इथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. तुमच्या एका नोंदीने तुमचं काही बिघडत नाही, पण हजारो घरांनी एकच चूक केली तर तालुक्याचा आकडा हलतो.

२. आम्ही एकाच वेळी बौद्ध, महार, आंबेडकरवादी, मराठी असे सगळे आहोत. एकच ओळख निवडावी लागते का?

नाही. रकाने वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक रकाना वेगळं विचारतो. एका रकान्यात मात्र एकच उत्तर बसतं. २०११ च्या अर्जात धर्मासाठी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन असे सहा संकेतांक होते, आणि यांपैकी नसेल तर धर्माचं पूर्ण नाव लिहायचं होतं. जात किंवा जमात वेगळ्या प्रश्नात होती. मातृभाषा एक, आणि तिच्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांना जागा होती.

गडचिरोलीतल्या एखाद्या बाईंची जमात गोंड, धर्म कोया पुनेम, मातृभाषा गोंडी, इतर भाषा मराठी आणि हिंदी अशी नोंद होऊ शकते. यातली एकही गोष्ट दुसरीला खोडत नाही. समाजातली बरीच भांडणं एका रकान्याचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायच्या हट्टातून होतात. जातीच्या रकान्यात धर्म, धर्माच्या रकान्यात जात, भाषेच्या रकान्यात अभिमान. २०२७ चा अर्ज भरताना अधिसूचनेतल्या प्रश्नाचे शब्द आधी वाचा. ग्रुपवर आलेला त्याचा सारांश नको.

३. प्रगणक (जनगणनेची नोंद घ्यायला घरी येणारा माणूस) आडनाव बघून स्वतःच धर्म किंवा जात लिहून मोकळा होतो. तसं चालतं का?

चालत नाही. प्रगणकांना सूचना असते की धर्म ज्याने सांगितला तसाच नोंदवायचा, वाद घालायचा नाही आणि नावावरून अंदाज बांधायचा नाही. कायद्याने तुम्हाला उत्तर द्यावं लागतं, पण ते "आपल्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे". ही समजूत तुमची असते. प्रगणकाची नाही आणि समाजाच्या अध्यक्षांचीही नाही.

प्रगणक दारात असताना तीन गोष्टी करा. धर्म, जात आणि मातृभाषा ही तीन उत्तरं एका दमात सांगू नका, प्रत्येक प्रश्न विचारल्यावर सांगा. नोंद झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा. जातीचं नाव नेमकं लेखन बघूनच मान्य करा (कारण प्रश्न १४ मध्ये). स्व-गणनेची सोय वापरली तर अर्ज स्वतःच भरता येतो आणि मिळालेला क्रमांक प्रगणकाला द्यावा लागतो. कार्यकर्ते "आम्ही भरून देतो, ओटीपी सांगा" म्हणाले तर देऊ नका. तुमच्या जागी बसून त्यांनी काय भरलं ते तुम्हाला कळणारही नाही.

४. घरातल्या सगळ्यांचा धर्म एकच लिहावा लागतो का? वडील एक म्हणतात, मी दुसरं.

प्रत्येक व्यक्तीची नोंद वेगळी असते. कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सगळ्यांचा असं गृहीत धरायचं नाही, नवराबायकोचाही वेगळा असू शकतो. अडचण येते ती व्यवहारात, कारण घरी असलेलं एक मोठं माणूस सगळ्यांची उत्तरं देऊन टाकतं. तुम्ही सज्ञान असाल तर तुमचं उत्तर आधीच घरच्यांना सांगून ठेवा, शक्य तर त्या दिवशी घरी थांबा. स्व-गणना कोण भरणार आहे तेही विचारून घ्या.

५. आम्ही बौद्ध आहोत. जातीच्या रकान्यात काय सांगायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी नियम.

संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० च्या परिच्छेद ३ मध्ये सुरुवातीला अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. महाराष्ट्राने त्याआधीच, १९६० पासून, नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या होत्या. आज धर्म बौद्ध आणि अनुसूचित जात महार (किंवा मातंग, चांभार वगैरे) या दोन्ही नोंदी एकत्र पूर्ण वैध आहेत. राज्याच्या यादीत महार ही जात ३७ व्या क्रमांकावर आहे.

"बौद्ध" हे नाव मात्र अनुसूचित जातींच्या यादीत नाही. जातीच्या रकान्यातही "बौद्ध" सांगितलं तर तुम्ही बौद्धांच्या संख्येत मोजले जाता, अनुसूचित जातींच्या संख्येत नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५.३१ लाख बौद्ध होते, त्यांतले सुमारे ५२ लाख अनुसूचित जातींत मोजले गेले. उरलेल्या सगळ्यांनी ठरवून जात सांगितली नाही असं म्हणता येणार नाही. काहींची जात यादीत नव्हती, काही परराज्यांतून आलेले होते. पण रकान्यांचा घोळ हे एक कारण आहेच.

धर्म "बौद्ध" असाच सांगा. "नवबौद्ध" हा सवलतींच्या कागदांमुळे रुळलेला शब्द आहे, जनगणनेत त्याची गरज नाही.

६. "जात सांगणं म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ चा अपमान" असं विहारात सांगितलं जातं. मग आम्ही काय करायचं?

हे म्हणणाऱ्यांची भावना खरी आहे. नागपूरला दीक्षाभूमीवर जात सोडण्यासाठीच लोक उभे राहिले होते. सत्तर वर्षांनी सरकारी माणसाला तीच जात पुन्हा सांगायची हे मनाला लागतं. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जातीमुळे होणारा अन्याय मोजायचा असेल तर ज्यांच्यावर तो होतो त्यांची संख्या लागते, आणि ती जात सांगितल्याशिवाय मिळत नाही.

आमच्या मते दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. चूक होते ती निवड लादताना. जो कार्यकर्ता "दोन्हीकडे बौद्धच लिहा" सांगतो त्याने प्रश्न ५ मधला परिणामही सांगितलाच पाहिजे. तो लपवून केलेलं आवाहन घातक आहे. आणि जो माणूस जातीच्या रकान्यात महार सांगतो त्याला "अर्धा बौद्ध" म्हणणं हा तर सरळ अन्याय आहे, त्याने धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगितलेलंच असतं. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याने सरकारी प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणून त्याची प्रतिज्ञा मोडत नाही.

७. आम्ही मातंग (किंवा चर्मकार) आहोत आणि आता बौद्ध झालो. मुलांचे कागद कसे करायचे?

इथे जनगणना बाजूला ठेवा, हे दाखल्याचं काम आहे. धर्म बदलला तरी यादीतली मूळ जात कागदावर टिकली पाहिजे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांच्या जातप्रमाणपत्राचा वेगळा नमुना आहे आणि त्यात मूळ जातीचा उल्लेख येतो. धर्मबदलाची नोंद राज्य राजपत्रात करता येते. जात मात्र राजपत्राने बदलत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा पहिलीच्या प्रवेशाला होतो. आईवडील उत्साहाने धर्म "बौद्ध" आणि जातही "बौद्ध" लिहितात. बारावीनंतर जातपडताळणीला मुलाच्या शाळेच्या नोंदीत मूळ जात सापडत नाही, आणि मग वडील, आजोबा, चुलते यांचे जुने उतारे गोळा करत फिरावं लागतं. प्रवेशअर्जात दोन्ही रकाने वेगळे भरा. चूक झालीच असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड होते.

८. धर्म हिंदू, लिंगायत की वीरशैव-लिंगायत?

तिन्ही उत्तरांसाठी संघटना उभ्या आहेत. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने लिंगायतांना वेगळ्या धर्माचा दर्जा देण्याची शिफारस केंद्राकडे केली. २०२५ च्या कर्नाटकातल्या सर्वेक्षणात "वीरशैव-लिंगायत" लिहा आणि फक्त "लिंगायत" लिहा अशी परस्परविरोधी आवाहनं झाली. त्याचे पडसाद सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापुरातही उमटले.

२०११ च्या सहा संकेतांकांत लिंगायत नव्हता. धर्म म्हणून तो सांगितला तर "इतर" म्हणून पूर्ण नावाने लिहावा लागत होता. महाराष्ट्रात आरक्षण धर्माच्या नावावर मिळत नाही, यादीतल्या नेमक्या जातीच्या नावावर मिळतं. म्हणून धर्माच्या रकान्यात काहीही सांगितलं तरी जातीच्या रकान्यात आपली नेमकी जात सांगा. नुसतं "लिंगायत" म्हटल्याने जंगम, वाणी, गुरव, तेली, कुंभार सगळे एकाच ढिगात जातात आणि ज्यांना संख्येची खरी गरज आहे त्या लहान जाती दिसेनाशा होतात.

९. आदिवासींनी धर्म काय लिहायचा? हिंदू लिहिलं नाही तर जमातीचा दर्जा जातो का?

जात नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. धर्माची अट घालणारा परिच्छेद ३ (प्रश्न ५) फक्त अनुसूचित जातींना लागू आहे. हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध, सरना, कोया पुनेम किंवा धर्म नाही, काहीही सांगितलं तरी जमात तीच राहते. याउलट सांगणारा मेसेज, कोणत्याही बाजूचा असो, खोटा आहे.

२०११ मध्ये देशात ४९.५७ लाख लोकांनी "सरना" आणि सुमारे १०.२६ लाखांनी गोंड-गोंडी धर्म लिहिला. सहा धर्मांबाहेरचे सगळे मिळून ७९.३७ लाख होते. झारखंड विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी सरना धर्माच्या वेगळ्या रकान्याचा ठराव केला.

एक व्यवहाराची गोष्ट: हाताने लिहायच्या उत्तरात एकाच श्रद्धेची पाच नावं झाली की आकडा पाच जागी फुटतो. "आदिवासी", "निसर्गपूजक", "गोंडी", "कोया पुनेम" असं शेजारच्या चार घरांनी वेगवेगळं लिहिलं तर अहवालात चौघेही बारीक दिसतात. गावाने बसून एका नावावर चर्चा करणं यात गैर काही नाही. पण ग्रामसभेत ठराव झाला म्हणून तो घराघरावर बंधनकारक होत नाही. चर्चवाल्या कुटुंबाला "तुम्ही आदिवासी नाही" म्हणणं कायद्याने चूक आहे आणि शेजारधर्मालाही धरून नाही.

१०. मराठा लिहायचं की कुणबी? भावकीत दोन तट पडलेत.

राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत ८३ व्या क्रमांकावर कुणबी आहे. १ जून २००४ पासून त्यात मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा हेही आहेत. नुसतं "मराठा" त्यात नाही, त्यासाठी २०२४ च्या कायद्याने वेगळं १० टक्के आरक्षण दिलं आहे. एका व्यक्तीला दोन्ही प्रवर्गांचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही.

दाखल्यासाठी नोंद सापडली पाहिजे, नुसती इच्छा पुरत नाही. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा (निजामाच्या काळातल्या सरकारी नोंदींचा) आधार घेऊन मराठवाड्यातल्या अर्जांची पद्धत ठरवली. पडताळणीत रक्ताच्या नातेवाइकांचे कागद एकत्र पाहिले जातात. म्हणून दाखल्याच्या बाबतीत भावकीने एकमेकांचे कागद तपासणं शहाणपणाचं आहे. जनगणनेत तशी गरज नाही, एक भाऊ मराठा आणि दुसरा कुणबी-मराठा सांगू शकतो, कारण प्रश्न १.

११. आम्ही अहिराणी (मालवणी, गोरमाटी) बोलतो. "मराठीच लिहा, नाहीतर मराठीचा आकडा घटेल" असं सांगतात. खरं काय?

२०११ मधली व्याख्या अशी होती: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा. आई लहानपणीच गेली असेल तर त्या काळात घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. शाळेची भाषा, राज्याची भाषा, अभिमानाची भाषा यांचा इथे संबंध नाही. मराठी येत असेल तर तिच्यासाठी इतर भाषांचा रकाना आहे.

२०११ मध्ये १९,५६९ वेगवेगळी नावं आली, छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्या १२१ भाषांखाली गटवल्या गेल्या. १०,००० पेक्षा कमी लोकांनी सांगितलेलं नाव अहवालात स्वतंत्र दिसत नाही. गट कोणता हे तुम्ही ठरवत नाही. अहिराणी खानदेशीखाली मोजली गेली (खानदेशी एकूण १८.६० लाख), मालवणी कोकणीखाली आणि बंजारांची लमाणी-लंबाडी (गोरमाटी) हिंदीखाली. लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक होते. बंजारा समाजाची यावरची तक्रार आम्हाला रास्त वाटते. पण त्यासाठीही खरं नाव आधी नोंदवलं गेलं पाहिजे. मराठीचे भाषक ८.३० कोटी होते. अहिराणीला अहिराणी म्हटल्याने तिला धक्का लागत नाही.

१२. गोव्यात घरी कोकणी, वाचन-पूजा मराठीत. लोक दोन्हीकडून ओढतात.

प्रश्न ११ चीच व्याख्या लागू: आईची बोलण्याची भाषा पहिल्या रकान्यात, दुसरी इतर भाषांत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. मातृभाषा कोकणी सांगितल्याने मराठीचं ते स्थान कमी होत नाही. २०११ मध्ये गोव्यात सुमारे ६६ टक्के लोकांनी कोकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी सांगितली.

भाषेच्या रकान्यावर मोहीम चालली की काय होतं ते पंजाबात दिसलं. १९५१ मध्ये हिंदी-पंजाबीचा वाद इतका चिघळला की तिथले दोन्ही भाषांचे आकडे वेगळे न देता एकत्र द्यावे लागले. शेवटी कोणाच्याच हाती खरा आकडा लागला नाही.

१३. आंतरजातीय लग्न आहे. माझी जात सासरची होते का? आणि मुलांची?

लग्नाने बाईची जात बदलत नाही. जनगणनेत आणि दाखल्यातही तिची जन्माची जात धरली जाते. सासरचे "आता तू आमच्यातली" म्हणतात ते प्रेमाने असो वा दबावाने, रकान्यात तुमचंच सांगा.

मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे की वडिलांची जात धरली जाईल हे गृहीत आहे, पण ते खोडून काढता येतं. मूल आईच्या समाजात वाढलं आणि त्या समाजाचे भोग त्याच्या वाट्याला आले हे पुराव्याने दाखवावं लागतं. जनगणनेत एवढा पुरावा लागत नाही. आईवडिलांनी मिळून ठरवावं.

१४. जातीच्या रकान्यात आडनाव किंवा पोटजात चालेल का?

आडनाव अजिबात नको. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय सर्वेक्षणात (ते जनगणनेपेक्षा वेगळं होतं) देशभरात जातींची ४६ लाखांहून अधिक नावं जमली. केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की महाराष्ट्रात अधिकृत यादीत ४९४ जाती असताना ४,२८,६७७ नावं निघाली. आडनावं, कुळं, पोटजाती आणि एकाच नावाची दहा लेखनं यांमुळे ती माहिती वापरता आली नाही. शासनाच्या यादीत जसं आहे तसं जातीचं नाव सांगा. पोटजात महत्त्वाची वाटत असेल तर जातीनंतर सांगा, जातीऐवजी नको.

१५. मला धर्म आणि जात दोन्ही सांगायचे नाहीत.

धर्म नाही असं सांगता येतं आणि प्रगणकाने तसंच नोंदवायचं असतं. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी अर्जांबाबत स्पष्ट केलं की कोणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडता येणार नाही. "जात नाही" सांगण्याचा परिणाम प्रश्न ५ सारखाच: तुमच्यापुरता काही नाही, आकड्यापुरता आहे. घरचे चिडले तर प्रश्न ४ पाहा.

१६. आम्ही ख्रिस्ती आहोत, मूळ जात महार. दोन्ही लिहिता येईल?

धर्म ख्रिस्ती सांगितल्यावर अनुसूचित जात म्हणून मोजणी होत नाही, १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही परिच्छेद ३ ची ही अट (प्रश्न ५) टिकली. सवलत वाचवण्यासाठी धर्माच्या रकान्यात "हिंदू" सांगा असा सल्ला नातेवाईक देतात. जनगणनेत त्याने काहीच वाचत नाही (प्रश्न १). अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे, दाखल्यासाठी तो मार्ग तपासून बघा.

१७. महाराष्ट्रातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात कशी मोजतात?

याद्या राज्यवार आहेत. ज्या राज्यात गणना होते तिथल्या यादीत जात नसेल तर अनुसूचित जात म्हणून मोजत नाहीत. जातीचं नाव तरीही खरंच सांगा. परदेशात राहणाऱ्या मुलामुलींची नावं गावच्या घरात घालू नका. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न ऐच्छिक असतो, आणि तिथे मुख्य भाषा म्हणून मराठी स्वतः लिहिता येते.

१८. "आम्ही सांगू ते लिहिलं नाही तर लग्नकार्यात बोलावणार नाही" अशी धमकी आली आहे.

सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणं, त्यासाठी बैठक घेणं, दंड मागणं या सगळ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते.

ग्रुपवरचे मेसेज पुसू नका, तारीख आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट ठेवा. बैठकीत धमकी दिली असेल तर त्याच दिवशी तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा. आणि तुम्ही काय सांगितलं हे कोणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. प्रगणकालाही ते बाहेर फोडायची मनाई आहे. कोणी विचारलंच तर "अर्ज भरून झाला" एवढं उत्तर पुरे.